शास्त्रज्ञाचं दप्तर: घरच्या कपाटापासून अभिलेखागारापर्यंत

जी. एन. वॉटसन हे इंग्रज गणितज्ञ १९६५ मध्ये वारले. त्यांच्यावर मृत्युलेख लिहायचा म्हणून जे. एम. व्हिटेकर त्यांच्या घरी गेले, तेव्हा एका खोलीच्या जमिनीवर कागदांचा फूटभर थर पसरलेला होता. थोड्याच दिवसांत तो सगळा जाळून टाकायचा असं ठरलेलं होतं. व्हिटेकरांनी नशिबावर हवाला ठेवून त्यात हात घातला. त्या पसाऱ्यातून वाचलेल्या कागदांत रामानुजन यांच्या हातची शंभरावर पानं होती. १९६८ मध्ये ती केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात पोचली आणि १९७६ मध्ये जॉर्ज अँड्र्यूज या अमेरिकी गणितज्ञाच्या नजरेस पडली. आज जग तिला रामानुजनची हरवलेली वही म्हणतं. खरं तर ती वही नव्हतीच, सुटे कागद होते. घर आवरताना सगळ्यात आधी जातात ते हेच.

आपल्याकडे कागद जाळत नाहीत, रद्दीत घालतात. सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाते, फ्लॅट रिकामा करायची तारीख येते, मुलं परदेशातून दोन आठवड्यांच्या रजेवर आलेली असतात, आणि बाबांच्या किंवा आजीच्या खोलीतली तीन कपाटं दोन दिवसांत उरकायची असतात. पुस्तकं कुणी तरी नेतं, मानपत्रं आणि पदकं घरात राहतात, बाकीचं किलोवर जातं. अभ्यासकाच्या दृष्टीने हा व्यवहार बरोबर उलटा आहे. मानपत्रावर जे लिहिलंय ते कुठे ना कुठे छापून आलेलं असतं. फसलेल्या प्रयोगाची वही जगात एकच असते.

शास्त्रज्ञाचे कागद कसे जपायचे आणि कुठे द्यायचे, हे सांगणारा हा लेख घरच्यांसाठी आहे, विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि निवृत्तीनंतर स्वतःची कपाटं बघून उसासे टाकणाऱ्या शास्त्रज्ञांसाठीही. शास्त्रज्ञ म्हणजे भटनागर पुरस्कारवालेच असं समजू नका. देवळालीला शाळेत शिकवता शिकवता ६१७४ या आकड्याची गंमत शोधणारे द. रा. कापरेकर कुठल्या मोठ्या संस्थेत नव्हते. कृषी महाविद्यालयात भाताची वाणं तपासणाऱ्या बाई, जिल्ह्याच्या गावी सर्पदंशाच्या नोंदी ठेवणारे डॉक्टर, सह्याद्रीत वनस्पती गोळा करत हिंडलेले कॉलेजातले सर, या सगळ्यांची दप्तरं, म्हणजे वह्या, पत्रं, कागद, यात येतात. त्यांच्यामागे संस्था उभी नसते, म्हणून घरच्यांवर जास्त भार.

पहिली गोष्ट: आवरू नका

ऐकायला विचित्र वाटेल, पण सुरुवातीला काहीही न करणं हेच मोठं काम आहे. पत्रं एकीकडे, वह्या दुसरीकडे, फोटो तिसरीकडे असे गठ्ठे लावायचा मोह होतो. तो आवरा. अभिलेखागारात (जुने कागद जपणाऱ्या संस्थेत, म्हणजे आर्काइव्हमध्ये) काम करणारे 'मूळ क्रम' जपतात, कारण तो क्रमच पुरावा असतो. १९७१ च्या प्रयोगवहीत एका परदेशी सहकाऱ्याचं पत्र खोचलेलं असेल, तर त्या पानावरचा आकडा आणि त्या पत्रातली शंका यांचा संबंध आहे. पत्र उचलून 'पत्रव्यवहार' लिहिलेल्या फाईलमध्ये लावलंत की तो संबंध तुटला, आणि तो परत जोडू शकेल असं कुणीही नाही.

दुसरा नियम त्याचाच भाऊ: एका माणसाचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत. नवराबायको दोघंही संशोधक असतील तर विशेष जपा. बाईंच्या वह्या नवऱ्याच्या नावाच्या खोक्यात जाऊन पडण्याचे प्रकार इतके होतात, की हा प्रश्न घरच्यांना मुद्दाम विचारावाच लागतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. कुठला कागद कुठल्या रुमालातला, हे सांगितल्याशिवाय इतिहासकार त्याचा आधार घेत नाहीत. घरच्या दप्तराचंही तसंच.

तेव्हा आधी मोबाइल काढा. खोलीचा एक फोटो, मग प्रत्येक कपाटाचा, मग प्रत्येक कप्प्याचा आणि खणाचा. टेबलावरचा पसारासुद्धा. हे झाल्याशिवाय एकही थप्पी हलवू नका.

यादी

आता खोकी भरायची, पण जशी थप्पी असेल तशीच, वरून खाली. एका खोक्यात एकाच कप्प्यातलं सामान. खोकी लहान घ्या, कागद फार जड असतात. प्रत्येक खोक्याला नंबर द्या आणि वहीत किंवा एक्सेलमध्ये एकेक ओळ लिहा. ती साधारण अशी असावी:

खोकं ३. उत्तरेकडच्या भिंतीजवळचं लोखंडी कपाट, खालून दुसरा कप्पा, डावी थप्पी. १९६८ ते १९७४. प्रयोगवह्या ५, सुटे आलेख, कार्बन कॉपीची स्प्रिंग फाईल १. दोन वह्यांच्या कडा वाळवीने खाल्लेल्या, एकीची पानं चिकटलेली. भाषा इंग्रजी आणि मराठी, थोडं मोडीत.

बस. एकेका पत्राची नोंद करायला बसलात तर दुसऱ्या खोक्यापर्यंतही पोचणार नाही. आणि मोडी वाचता येत नाही म्हणून तो कागद बाजूला टाकू नका. वाचणारे आहेत.

अभिलेखागाराला फोन केलात की पहिला प्रश्न येईल, 'साधारण किती आहे?' उत्तर पानांत द्यायचं नसतं. खोकी उभी ओळीने लावली तर किती फूट किंवा मीटर जागा लागेल, ते सांगायचं.

काय ठेवायचं, काय गेलं तरी चालेल

प्रयोगवह्या, क्षेत्रवह्या (बाहेर हिंडताना केलेल्या नोंदींच्या वह्या), रोजनिशा, आलेली पत्रं आणि पाठवलेल्या पत्रांच्या कार्बन कॉपी यांना हात लावायचा नाही. लोक हमखास विसरतात ते हे: छापून न आलेले लेख, नाकारलेले निबंध आणि त्यावरचे परीक्षकांचे शेरे, अनुदानासाठीचे अर्ज (मंजूर न झालेले तर नक्कीच, कारण माणसाला खरं काय करायचं होतं ते तिथे असतं), वर्गातल्या व्याख्यानांची टिपणं, उपकरणांची हाताने काढलेली रेखाटनं, समित्यांच्या बैठकांत समासात खरडलेलं. मराठी नियतकालिकांसाठी आणि आकाशवाणीसाठी लिहिलेल्या लेखांची हस्तलिखितंही ठेवा. आपल्याकडच्या कित्येक संशोधकांनी मराठी विज्ञान परिषदेसारख्या व्यासपीठांवरून आयुष्यभर लोकांसाठी लिहिलं, आणि ती बाजू त्यांच्या इंग्रजी निबंधांच्या यादीत कुठेच दिसत नाही.

पत्रव्यवहारात एक मेख असते. माणसाकडे राहतात ती त्याला *आलेली* पत्रं. त्याने लिहिलेली पत्रं जगभर पांगलेली असतात. रामानुजन यांनी १६ जानेवारी १९१३ ला लिहिलेलं ते प्रसिद्ध पत्र केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांच्या कागदांत राहिलं. म्हणून कार्बन कॉपीची ती पिवळी पडलेली, कंटाळवाणी दिसणारी फाईल सोन्याची. ती नसेल तर निदान कुणाकुणाशी नियमित पत्रव्यवहार होता, त्यांची नावं लिहून ठेवा.

काय देऊन टाकलं तरी चालेल? दुसऱ्यांच्या छापील निबंधांच्या प्रती, पण त्यावर पेन्सिलीने काही लिहिलेलं नसेल तरच. कोऱ्या वह्या, प्रवासभत्त्याच्या बिलांच्या प्रती, एकाच लेखाच्या चाळीस प्रतींतल्या अडतीस. शंका आली की ठेवा. निवड करणं अभिलेखागाराचं काम आहे.

नमुने आणि वह्या एकमेकांपासून तोडू नका, हे जीवशास्त्राच्या आणि भूशास्त्राच्या घरांना खास सांगणं. वनस्पतीच्या वाळवलेल्या नमुन्यावर संग्राहकाचं नाव आणि क्रमांक असतो. त्या क्रमांकाची पूर्ण हकीकत (कुठल्या घाटात, किती उंचीवर, फूल ताजं असताना कुठला रंग) क्षेत्रवहीत असते. नमुने पुण्याच्या आघारकर संस्थेच्या किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या संग्रहात गेले आणि वही घरी राहिली, असं असेल तर वहीच्या नोंदीत तसं लिहा. रसायनांच्या बाटल्या, काचपट्ट्या, अनोळखी पावडरी यांना मात्र स्वतः हात लावू नका. मेरी क्युरींच्या वह्या अजून किरणोत्सारी आहेत आणि पॅरिसमध्ये शिशाच्या पेट्यांत ठेवाव्या लागतात. तुमच्या घरी तेवढं काही निघणार नाही, पण पारा आणि आर्सेनिक निघू शकतं.

पावसाळा, वाळवी आणि सेलोटेप

आपल्या हवेत कागदाचा पहिला शत्रू दमट हवा. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशी धरते, आणि कोकणात-मुंबईत जून ते सप्टेंबर ती त्याहून वरच असते. अभिलेखागारं साधारण २० अंश तापमान आणि ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता राखतात. घरी ते जमणार नाही, पण एवढं जमतं: खोकी बाहेरच्या भिंतीला टेकवायची नाहीत, जमिनीपासून निदान वीतभर वर ठेवायची, वरच्या मजल्यावरच्या बाथरूमखाली ठेवायची नाहीत, आणि तळमजल्यावर तर नकोच. पानशेतचा १९६१ चा पूर आणि मुंबईची २००५ ची २६ जुलै आठवली की कारण सांगावं लागत नाही. माळाही टाळा, उन्हाळ्यात तिथे कागद भाजून निघतो.

कोरड्या, मऊ ब्रशने धूळ झाडा, मधून बाहेर अशी. ओल्या फडक्याने पुसायचं नाही. बुरशी दिसली तर मास्क लावा, ते खोकं वेगळं काढा आणि तज्ज्ञ येईपर्यंत झाडायलाही जाऊ नका, कारण कण बाकीच्यांवर बसतात. डांबराच्या गोळ्यांनी बुरशी थांबत नाही आणि तो वास माणसालाही चांगला नाही. कडुनिंबाचा पाला, वेखंड ही जुनी पद्धत. वापरायचीच असेल तर कापडी पुरचुंडीत, खोक्याच्या बाहेर. पानांत पाला ठेवला की डाग पडतात.

गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपलरच्या पिना सहज सुटत असतील तर काढा. ओढून कागद फाटणार असेल तर राहू द्या. रबरबँड कात्रीने कापायचे, वाळून चिकटलेले तुकडे खरवडायचे नाहीत. त्याजागी पांढरी सुती नाडी सैल बांधा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत चिकटा पिवळा होऊन कागदात उतरतो आणि त्याखालची शाई घेऊन जातो. लॅमिनेशनबद्दल एकच वाक्य: कधीही नाही. प्लास्टिकच्या मऊ पारदर्शक फोल्डरमध्येही शाई आणि फोटो चिकटतात. आम्लमुक्त कागदाची पाकिटं आणि खोकी मिळतात, थोडी महाग असतात. परवडत नसतील तर धुतलेल्या, खळ काढलेल्या सुती कापडात बांधून ठेवलेलं दप्तर प्लास्टिकपेक्षा बरं.

वर्तमानपत्राची कात्रणं शेजारच्या कागदाला पिवळं करतात, म्हणून मध्ये एक कोरा चांगला कागद घाला. जुने फॅक्स उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असतात आणि ते कोरे होत जातात. त्यांची आजच झेरॉक्स काढा, मूळही ठेवा. फोटोच्या मागे नावं लिहायची ती मऊ पेन्सिलीने, कडेला, दाब न देता. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो.

कागद भिजले तर उन्हात वाळत घालू नका. थोडे असतील तर पंख्याखाली, मध्ये टिपकागद घालून. खूप असतील तर ४८ तासांच्या आत प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून डीप फ्रीजरमध्ये टाका. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, आणि तज्ज्ञांना गाठायला वेळ मिळतो.

लॅपटॉपमधलं दप्तर

१९९० नंतर काम केलेल्या माणसाचे निम्मे कागद कागदच नसतात. इथे फार झटपट नुकसान होतं. संस्थेचा ईमेल निवृत्तीनंतर बंद होतो आणि वीस-पंचवीस वर्षांचा पत्रव्यवहार एका संध्याकाळी जातो. त्याआधीच संपूर्ण मेलबॉक्स उतरवून घ्यायला संगणक विभागाला सांगा. खासगी जीमेल असेल तर गूगलच्या टेकआउट सुविधेने सगळं उतरवता येतं. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं, म्हणून त्यातल्या 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये आपल्यामागे खातं कुणाला बघता येईल ते हयातीतच नेमून ठेवावं.

फ्लॉपी आणि सीडी फेकू नका, त्यांवरची लेबलं तर मुळीच नाही. मराठीची आणखी एक अडचण आहे. युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांसाठीच्या आजच्या सामायिक संगणकीय पद्धतीच्या) आधीचे लेख श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. आजच्या संगणकावर ती फाईल उघडली की निरर्थक चिन्हं दिसतात आणि घरच्यांना वाटतं, फाईल खराब झाली. ती शाबूत असते, तिचा फॉन्ट तुमच्याकडे नसतो. जुना संगणक चालू होत असेल तर त्यातला फॉन्ट जपून घ्या, प्रत्येक लेखाची पीडीएफ करा आणि मूळ फाईलही ठेवा.

सगळ्याच्या तीन प्रती करा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी.

स्कॅनिंगची घाई करू नका. लोक सगळ्यात आधी स्कॅनर आणतात, सुटे कागद भराभर काढतात, क्रम मोडतात आणि शेवटी 'आयएमजी ००४७' अशा नावाच्या हजार फाईली उरतात. यादी झाल्यावर, सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात महत्त्वाचं तेवढंच आधी घ्या: ४०० डीपीआय (इंचाला ४०० ठिपके), रंगीत, टिफ फाईल, कोरी पानंही. फाईलच्या नावात खोक्याचा नंबर हवा. प्रतिमा हाताशी असण्याचा फायदा काय, हे केंब्रिजला कळलं. डार्विनच्या दोन वह्या २००१ पासून ग्रंथालयात सापडेनात आणि २०२२ मध्ये कुणी तरी त्या गुलाबी पिशवीत घालून परत ठेवून गेलं. मधल्या काळात अभ्यासकांचं काम प्रतिमांवर भागलं. पण म्हणून मूळ कागद टाकायचा नसतो. शाईचा बदललेला रंग, खोडलेल्या ओळीवरचा दाब, कागदावरचा जलचिन्हाचा ठसा स्कॅनमध्ये नीट येत नाही.

हे कागद नक्की कुणाचे?

द्यायच्या आधी हे बघावंच लागतं. सरकारी संस्थेत कामाचा भाग म्हणून तयार झालेल्या फाईली घरी सापडल्या, तरी त्या घरच्या होत नाहीत. केंद्र सरकारच्या संस्थांना १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा लागू आहे. अशा फाईली वेगळ्या काढून संस्थेला कळवणं उत्तम. व्यक्तीचे कागद आणि संस्थेच्या फाईली एकत्र वाचल्यावरच गोष्ट पुरी होते. दा. ध. कोसंबी आणि होमी भाभा यांच्यातल्या तणावाचा माग लावायला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अभिलेखागारातल्या फाईली पाहाव्या लागतात.

पत्रांचं त्रांगडं वेगळं. आलेल्या पत्राचा कागद तुमचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि लेखकाच्या निधनानंतर त्याच्या वारसांचा. म्हणजे पत्र अभिलेखागाराला देता येतं, छापायचं असेल तर परवानगी लागते.

परदेशी राहणाऱ्या मुलांनी तिसरा कायदा ध्यानात ठेवावा. वैज्ञानिक मोलाचं हस्तलिखित किंवा दस्तऐवज ७५ वर्षांहून जुना असेल तर १९७२ च्या कायद्याने तो पुरावस्तू ठरतो आणि खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. आजोबांची १९४० ची वही सूटकेसमध्ये घालून न्यू जर्सीला न्यायचा विचार असेल तर थांबा.

कुठे द्यायचं

माणसाने आयुष्य जिथे काढलं ती संस्था पहिली विचारावी, पण डोळे उघडे ठेवून. 'आमच्या ग्रंथालयात ठेवू' याचा अर्थ पुष्कळदा एक काचेचं कपाट, त्याला कुलूप, आणि किल्ली एका सेवानिवृत्त शिपायाकडे, असा निघतो. प्रश्न असे विचारा: अभिलेखपाल पगारी आहे का? खोलीतली हवा नियंत्रित आहे का? सूची किती दिवसांत होईल आणि बाहेरच्या अभ्यासकाला बसू देतात का? उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरीकडे बघा.

जीवशास्त्रासाठी बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातलं अभिलेखागार आहे. २०१९ पासून ते लोकांना खुलं आहे आणि आपल्या संस्थेबाहेरच्या माणसांचेही कागद घेतं. खगोलशास्त्रासाठी भारतीय ताराभौतिकी संस्थेचं आहे. मेघनाद साहांचे कागद दिल्लीत तीन मूर्ती भवनाच्या ग्रंथालयात आहेत, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे शिकागो विद्यापीठात. बहुतेक ठिकाणी यादी आणि चार नमुना-फोटो पाठवले की उत्तर मिळतं.

मराठी मुलखात याची उणीव मोठी आहे, हे सांगायलाच हवं. १९७३ मध्ये मार्गारेट गोविंग या इतिहासकार बाईंनी ऑक्सफर्डला एक छोटं केंद्र काढलं. ते स्वतःकडे काहीच ठेवून घेत नसे. घरून कागद आणायचे, लावायचे, सूची करायची आणि योग्य त्या ग्रंथालयाला सुपूर्द करायचे. हे काम पुढे इंग्लंडमधल्याच बाथ शहरात गेलं आणि २००९ पर्यंत चाललं. त्याला इमारत लागत नाही, चार प्रशिक्षित माणसं आणि एक टेबल लागतं. पुण्यात एवढं का होऊ नये, हे मला कळलेलं नाही.

संस्था ठरली की लेखी करार करा. दान (मालकीही संस्थेची) की ठेव (मालकी तुमचीच, कागद फक्त सांभाळायला), हे त्यात स्वच्छ असावं. ठेवीवर संस्था खर्च करायला बिचकते, म्हणून शक्यतो दान. संस्था बंद पडली किंवा तिने कागद काढून टाकायचं ठरवलं तर आधी कुटुंबाला विचारावं, असं कलम घाला. प्रतिमा इंटरनेटवर टाकायची परवानगी वेगळी लिहा. जिवंत माणसांबद्दलचे शेरे, विद्यार्थ्यांचे गुण, शिफारसपत्रं, रुग्णांची किंवा पाहणीतल्या लोकांची नावं असलेल्या नोंदी ठरावीक वर्षं बंद ठेवता येतात. २५-३० वर्षं हे रुळलेलं आहे. म्हणून घरगुती भांडणाचं किंवा सहकाऱ्याला झोडपलेलं पत्र फाडून टाकू नका, बंद पाकिटात तारीख घालून द्या.

शास्त्रज्ञ हयात असतील तर हे सगळं त्यांच्यासमोर करा. जुना अल्बम पुढ्यात ठेवा, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा, डावीकडून तिसरे कोण? हे उपकरण कुणी बनवलं? ही वही मध्येच का थांबली? एका बैठकीत तासभर पुरे. रेकॉर्डिंगच्या नावात तारीख आणि ज्या खोक्याबद्दल बोलणं झालं त्याचा नंबर घाला. कागदांबद्दलची त्यांची इच्छा मृत्युपत्रात दोन ओळींत आली तर वारसांत पुढे वाद होत नाहीत.

कागद सुपूर्द करताना यादीच्या दोन प्रतींवर सह्या घ्या, एक तुमच्याकडे ठेवा. वर्षभराने सूचीचं काम कुठवर आलं ते विचारा. दिवाळीच्या आवराआवरीत एखादी राहिलेली वही निघेलच. ती त्याच दानाचा भाग म्हणून स्वीकारली जावी, हे कलम करारात आधीच घालून घ्या.